मनाच्या आजाराची औषधे चालू असताना गरोदरपण: तयारीपासून बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीपर्यंत

पाळी चुकते, घरी केलेल्या चाचणीत दोन रेषा उमटतात आणि त्याच संध्याकाळी गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांच्या मागे जाते, असे आपल्याकडे अनेक घरांत घडते. नैराश्य, चिंताविकार, मंत्रचळ (ओसीडी), बायपोलर विकार (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह) किंवा स्किझोफ्रेनिया यांसाठी औषध घेणाऱ्या स्त्रीला ते बाळाला बाधेल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण ही भीती बोलून दाखवायला घरात जागा नसते, कारण कित्येकदा सासरी आजार सांगितलेलाच नसतो, आणि सांगितला असला तरी तो विषय पुन्हा निघू नये असे सर्वांना वाटत असते. मग निर्णय एकटीने, एका रात्रीत घेतला जातो. औषध चालू ठेवणे, बदलणे, कमी करणे किंवा बंद करणे यांतला कोणताही निर्णय एखाद्या स्त्रीसाठी योग्य ठरू शकतो. तो कोणता, हे आजार, औषध आणि गरोदरपणाचा आठवडा पाहून ठरते. प्रत्यक्ष डोस ठरवण्याचे काम तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे आहे. त्यांच्याकडे कोणती तयारी करून जावे आणि घरी काय सांभाळावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. टाळता येण्यासारखे बरेच अपघात काळजी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, म्हणजे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, सासरहून माहेरी आणि गरोदरपणातून बाळंतपणात जाताना, माहिती मध्येच गळाल्यामुळे होतात, असे माझे मत आहे. म्हणून त्या टप्प्यांवर येथे अधिक भर दिला आहे.

हिशेबाच्या दोन्ही बाजू

कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी स्त्रियांच्याही शंभर बाळांपैकी साधारण दोन ते तीन बाळांमध्ये जन्मतः एखादे मोठे व्यंग आढळते. औषधाच्या धोक्याची तुलना या आकड्याशी करावी. ‘धोका दुप्पट होतो’ असे कोणी सांगितले की ‘कितीवरून किती?’ असे लगेच विचारावे; हजारात दोनाचे चार होणे आणि शंभरात दहाचे वीस होणे या दोन्ही दुपटीच आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे औषध थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता, आणि घरात जेव्हा चर्चा होते तेव्हा नेमकी हीच बाजू मांडायला कोणी नसते. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नैराश्यावरचे औषध गरोदरपणात थांबवलेल्या स्त्रियांपैकी ६८ टक्के जणींचा आजार उलटला, तर औषध चालू ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. पुढच्याच वर्षी बायपोलर विकाराबाबत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. या दोन्ही अभ्यासांतल्या स्त्रिया विशेषज्ञ केंद्रांत उपचार घेणाऱ्या होत्या, म्हणजे त्यांचा आजार मुळातच थोडा जड होता. त्यामुळे एकदाच सौम्य नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रीने हे आकडे स्वतःला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही दिशा स्पष्ट आहे. उलटलेला आजार बाळालाही पोहोचतो: आईचे जेवण आणि झोप बिघडते, तपासण्या चुकतात, मिश्री किंवा तंबाखू वाढते, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते, आणि तीव्र नैराश्यात आईच्या जिवालाच धोका असतो.

आजार सौम्य असेल तर गोळीशिवायचे उपचारही खरेखुरे उपचार असतात. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा नैराश्यात आणि चिंताविकारात चांगला उपयोग होतो. ते डॉक्टरांनीच करावे लागते असेही नाही. गोव्यात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य स्त्रियांनीच गरोदर स्त्रियांना असा आधार दिला होता, आणि परिणाम माफक असला तरी दिसण्याजोगा होता. मात्र बायपोलर विकार आणि स्किझोफ्रेनियामध्ये समुपदेशन औषधाच्या जोडीला असते, त्याची जागा घेत नाही.

दिवस राहण्याआधी

मूल हवे असे ठरले की शक्यतो तीन ते सहा महिने आधी, केवळ याच कामासाठी, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि जोडीदाराला बरोबर न्यावे. नेहमीची तपासणी संपवून दारातून बाहेर पडता पडता विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही.

जाताना घरातल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जाव्यात, आणि त्याआधी पट्टीवर मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव व मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत मिळतात, आणि कित्येक स्त्रिया अशी गोळी वर्षानुवर्षे ‘झोपेची’ किंवा ‘टेन्शनची’ म्हणून घेत असतात. गरोदरपणात या दोन औषधांबाबतचे निर्णय वेगवेगळे असतात, म्हणून जोडगोळी मोडून ती स्वतंत्र गोळ्यांत घेणे सोयीचे पडते.

पट्टी वाचण्याचे याहूनही महत्त्वाचे कारण व्हॅलप्रोएट हे आहे. सोडियम व्हॅलप्रोएट, व्हॅलप्रोइक ॲसिड आणि डायव्हॅलप्रोएक्स ही एकाच औषधाची रूपे असून ते बायपोलर विकार, फिट्स आणि अर्धशिशी अशा तीन वेगळ्या कारणांसाठी, म्हणजे तीन वेगळ्या डॉक्टरांकडून, दिले जाऊ शकते. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या मातांच्या शंभर बाळांपैकी सुमारे दहांमध्ये मोठे व्यंग आढळते, आणि तीस ते चाळीस मुलांमध्ये पुढे बोलणे, शिकणे, वागणे यांच्या विकासात अडचणी येतात. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास बंद होते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होईतो ही घडण पुरी झालेली असते आणि तोवर अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणूनच मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीला मनाच्या आजारासाठी हे औषध शक्यतो देऊच नये, आणि चालू असेल तर ते गर्भधारणेपूर्वी बदलून घ्यावे. फिट्ससाठी चालू असेल तर मात्र ते स्वतःहून एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. बदल मज्जाविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच आणि पुरेसा वेळ देऊन व्हावा.

फॉलिक ॲसिड गर्भधारणेआधीपासून सुरू करावे. सर्वसाधारणपणे रोज ४०० ते ५०० मायक्रोग्रॅम पुरते, पण फिट्सची किंवा त्याच वर्गातली मूडची औषधे घेणाऱ्या स्त्रियांना डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. फॉलिक ॲसिड घेतले म्हणून व्हॅलप्रोएटचा धोका पुसला जातो असे मात्र समजू नये. याच भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्यावे. यांच्या कमतरतेमुळे येणारा थकवा आणि उदासी नैराश्यात सहज मिसळून जाते.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी अनियमित होते आणि दिवस राहत नाहीत. डॉक्टर औषध बदलतात, पाळी सुरळीत होते, आणि ‘मला दिवस राहतच नाहीत’ या समजात असलेल्या स्त्रीला अचानक गर्भधारणा होते. औषध बदलताना संततिनियमनाचा विषय तुम्हीच काढावा.

दोन रेषा उमटल्यावर

पहिला नियम असा की डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत औषध जसे चालू आहे तसे चालू ठेवावे, आणि हे बोलणे दोन-चार दिवसांत व्हावे. व्हॅलप्रोएट चालू असेल तर त्याच दिवशी फोन करावा. बरीच वर्षे चाललेले औषध एकदम थांबवल्यास झोप उडणे, घाबरे होणे, डोक्यात झटके आल्यासारखे वाटणे असे त्रास होतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनबाबत हे अधिक जाणवते, आणि क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्या स्त्रीने ती अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते.

या दिवसांत मोबाइलवर शोधाशोध होणारच, म्हणून एक सूचना करावीशी वाटते. औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरे देणारी जुनी अमेरिकन पद्धत २०१५ पासून तेथेच मोडीत काढण्यास सुरुवात झाली, कारण ती अक्षरे धोक्याचे चुकीचे चित्र उभे करत होती. तरीही अनेक ठिकाणी ती अजून छापलेली सापडतात. ‘डी’ हे अक्षर पाहून गोळी कचऱ्यात टाकू नये.

याच टप्प्यावर नातेवाइकांकडून ‘औषधे घेतलीत ना, मग पाडूनच टाका’ असा सल्ला येतो. औषध घेत असताना दिवस राहिले हे एवढेच गर्भपाताचे वैद्यकीय कारण होत नाही. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाची सविस्तर व्यंगतपासणी करून प्रत्यक्ष परिस्थिती बरीचशी कळते. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, आणि सज्ञान व निर्णयक्षम स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. निर्णय कोणताही असो, तो तिचा असावा आणि शक्यतो घबराटीच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला नसावा.

औषधानुसार काय पाहावे

नैराश्य, चिंता आणि मंत्रचळ यांसाठी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय वर्गातल्या औषधांवर गरोदरपणात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. त्यांपैकी सर्ट्रालिन अनेकदा पहिली पसंती असते. पॅरॉक्सेटिन गरोदरपणात नव्याने सुरू करणे टाळतात, कारण बाळाच्या हृदयाच्या व्यंगात किंचित वाढ काही अभ्यासांत दिसली आहे. मात्र एखादीला दुसऱ्याच औषधाने गुण आला असेल तर केवळ गरोदर आहे म्हणून चांगले चाललेले औषध सोडून सर्ट्रालिनकडे वळणे शहाणपणाचे असतेच असे नाही. नवे औषध लागू पडले नाही तर बाळाला दोन औषधे आणि एक आजार अशा तिन्हींना तोंड द्यावे लागते. शेवटच्या महिन्यांत ही औषधे घेतल्यास बाळाच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचा एक दुर्मिळ प्रकार हजारात दोनांवरून सुमारे तिनांवर जातो. याहून वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे जन्मानंतरचे पहिले काही दिवस बाळ चिडचिडे असणे, थरथरणे, दूध नीट न ओढणे; हे बहुधा आपोआप निवळते, पण बालरोगतज्ज्ञांना औषधाची आधी कल्पना असेल तर विनाकारण धावपळ होत नाही. बाळंतपणानंतर थोडा अधिक रक्तस्राव होण्याची शक्यताही प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना माहीत असावी.

क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांसारखी औषधे कमीत कमी डोसमध्ये आणि थोड्या काळासाठी असावीत. बाळंतपणाच्या तोंडावर मोठा डोस घेतल्यास बाळ सुस्त, मऊ पडलेले जन्मते किंवा श्वास मंद असतो. आधीपासून रोज घेत असाल तर हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक लिहून घ्यावे.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन यांनी वजन आणि साखर वाढते. सरकारी मार्गदर्शनानुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली जाते, आणि १४० किंवा त्याहून अधिक आल्यास गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही औषधे घेणाऱ्या स्त्रीने यांतली एकही तपासणी चुकवू नये. क्लोझापिन चालू असेल तर आईच्या पांढऱ्या पेशींच्या तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात आणि बाळाच्याही कराव्या लागतात.

लॅमोट्रिजिन हे मूडच्या औषधांमध्ये गर्भाच्या दृष्टीने बरेच सुरक्षित मानले जाते, पण गरोदरपणात शरीर ते झपाट्याने बाहेर टाकते, त्यामुळे नेहमीचा डोस अपुरा पडू लागतो आणि वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर हीच गोष्ट उलटी होते. वाढवलेला डोस थोड्या आठवड्यांत कमी केला नाही तर चक्कर, दुहेरी दिसणे, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. उलट्यांमुळे किंवा अन्य कारणाने पाच दिवसांहून अधिक खंड पडला असेल तर जुना डोस एकदम सुरू करू नये, कारण अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. कार्बामाझेपिनमुळे मणक्याच्या व्यंगाचा धोका असतो, व्हॅलप्रोएटपेक्षा कमी असला तरी, म्हणून त्याचाही फेरविचार गर्भधारणेआधीच झालेला बरा.

लिथियमवर थोडे अधिक थांबायला हवे. त्याने बाळाच्या हृदयात व्यंग होते ही जुनी भीती पूर्णपणे खोटी नाही, पण ती अतिशयोक्त होती; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात हृदयाच्या व्यंगाचे प्रमाण शंभरात साधारण एकावरून अडीचच्या आत गेलेले दिसले, आणि दिवसाला ९०० मिलिग्रॅमपेक्षा मोठ्या डोसमध्ये ते अधिक होते. ज्या स्त्रीचा आजार लिथियमनेच ताब्यात राहतो तिच्यासाठी ते चालू ठेवणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तसे ठरले तर बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घ्यावी. गरोदरपणात मूत्रपिंडांचे काम वाढते आणि रक्तातली लिथियमची पातळी घटते, दुसऱ्या तिमाहीत साधारण एक तृतीयांशाने. म्हणून ३६ आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला पातळी तपासतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावे, नाहीतर आलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

लिथियमबाबतचे खरे धोके मात्र आपल्या घरातल्या रोजच्या रीतींत लपलेले असतात. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की पातळी अचानक चढते. हरतालिकेचा निर्जळी उपास, पायावर सूज आली म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू केलेले अळणी जेवण, तीन-तीन दिवस न थांबणाऱ्या उलट्या आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, यांपैकी कोणतीही एक गोष्ट विषबाधेला पुरेशी ठरू शकते. हाताला जोरात कंप, जुलाब, अडखळते बोलणे, झोकांड्या किंवा गुंगी दिसली तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे. ‘न विचारता औषध थांबवू नये’ या नियमाला हा एक अपवाद आहे.

उलट्यांवरच्या गोळ्याही न विचारता घेऊ नयेत, कारण ओन्डान्सेट्रॉनसारखे औषध एस्सिटालोप्रामच्या जोडीने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. ‘नैसर्गिक’ म्हणून दिलेली चूर्णे आणि अश्वगंधेच्या गोळ्या यांनाही हाच नियम लागू आहे. आजार अतिशय तीव्र असेल, खाणेपिणे बंद झाले असेल, तर भूल देऊन केलेली शॉक-उपचारपद्धती गरोदरपणातही वापरता येते, आणि चित्रपटांनी तिची जी प्रतिमा उभी केली आहे तिच्याशी प्रत्यक्ष उपचाराचा फारसा संबंध नाही.

सातवा महिना आणि माहेरची वाट

पहिलटकरणीला सातव्या महिन्यानंतर माहेरी नेण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. तिच्यात मायेचा भाग मोठा आहे, पण वैद्यकीय दृष्टीने पाहता, ऐन निर्णायक काळात शहर, स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि औषधाचे दुकान एकाच दिवशी बदलते. मानसोपचारतज्ज्ञ मागे राहतात आणि नव्या डॉक्टरांच्या हाती फक्त लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांची यादी पडते.

यावर उपाय एका कागदाचा आहे. निघण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडून एक पत्र लिहून घ्यावे. त्यात आजाराचे नाव, आधीच्या झटक्यांची थोडक्यात माहिती, औषधांची मूळ नावे व डोस, शेवटच्या रक्ततपासणीची तारीख व आकडा, कळा सुरू झाल्यावर काय करायचे, बाळंतपणानंतर कोणत्या दिवशी कोणता डोस द्यायचा, बाळाला किती तास निरीक्षणाखाली ठेवायचे आणि आजार उलटल्याची पहिली लक्षणे कोणती, एवढे असावे. लिथियम घेणाऱ्या स्त्रीसाठी कळा सुरू झाल्यावर गोळी थांबवून १२ तासांनी पातळी पाहण्याची सूचना त्यात हमखास हवी. पत्राची एक प्रत माता व बाल संरक्षण कार्डाच्या आत ठेवावी, एक नव्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत द्यावी, आणि फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. बाळंतपण रुग्णालयातच करावे. सिझेरियन होणार असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच पत्र दाखवावे. गोळ्यांचा किमान दीड महिन्याचा साठा बरोबर न्यावा, कारण ही औषधे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि लहान गावात ती असतीलच याचा भरवसा नसतो.

माहेरच्या जवळ मानसोपचार कुठे मिळेल हेही आधीच पाहून ठेवावे. जिल्हा रुग्णालयांमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग चालतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रसूती, मानसोपचार आणि नवजात शिशू हे तिन्ही विभाग एकाच आवारात असतात, आणि बायपोलर विकार असलेल्या स्त्रीसाठी ती मोठी सोय आहे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा देशातला पहिला मानसोपचार विभाग बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ साली सुरू झाला.

कोणाला किती सांगायचे, हा प्रश्न कोणत्याही मार्गदर्शिकेतून पूर्ण सुटणार नाही. तरीही, बाळंतपणानंतर रात्री जवळ झोपणाऱ्या एका व्यक्तीला, मग ती आई असो, नणंद असो वा नवरा, सर्व माहिती असलीच पाहिजे, असे मला वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दोन साधने हाती दिली आहेत. बरे असताना प्रत्येक सज्ञान व्यक्ती आपल्याला पुढे कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हे लेखी देऊन ठेवू शकते, आणि निर्णयक्षमता हरवल्यास आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. त्याच कायद्यानुसार मनोरुग्णालयात दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला, त्याला इजा होण्याचा धोका असल्याखेरीज किंवा त्याच्या सुरक्षिततेसाठी गरज असल्याखेरीज, सहसा वेगळे करता येत नाही. ‘दाखल केले तर बाळ काढून घेतील’ या भीतीने उपचार लांबवणाऱ्या घरांनी हे वाचून ठेवावे.

पाचवीची रात्र

बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. हजारात एक-दोन बाळंतिणींना तीव्र मनोविकृतीचा झटका येतो. बायपोलर विकार असलेल्यांमध्ये हे प्रमाण साधारण पाचात एक इतके वाढते, आणि आई किंवा बहिणीला असा झटका आला असेल तर आणखी. सुरुवात बहुधा झोपेपासून होते: बाळ शांत झोपलेले असतानाही आईला झोप लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही. मग बोलणे वाढते, विचार एकमेकांत अडकतात, तारीख-वार चुकतात, आणि बाळ आपले नाही किंवा बाळात काही दैवी अथवा दुष्ट शक्ती आहे असे वाटू लागते. हे सारे काही तासांत बदलते, त्यामुळे सकाळी ‘आता बरी आहे’ असे वाटून घर निर्धास्त होते. याला बाळंतवात, बाहेरची बाधा, दृष्ट अशी नावे देऊन देवर्षीकडे फेऱ्या घालण्यात गेलेले दोन दिवस फार महाग पडतात. अशी लक्षणे दिसताच बाळाला तिच्याजवळ एकटे न ठेवता त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. वेळेवर उपचार झाल्यास यातून बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

पाचवीला सटवाई बाळाचे भविष्य लिहायला येते म्हणून त्या रात्री जागरण करण्याची रीत अनेक घरांत आहे. हे जागरण नेमके जोखमीच्या दिवसांत येते, आणि बायपोलर विकारात रात्रभराची जाग हीच झटक्याची ठिणगी ठरू शकते. पूजा जरूर करावी, जागायला आजी, मावश्या, आत्या आहेत. बाळंतिणीला औषध देऊन वेगळ्या खोलीत झोपवावे. बारावा दिवसही याच काळात येतो, म्हणून बारशाला पन्नास माणसे बोलवायची ती महिन्याने बोलवली तर बिघडत नाही. रात्री सलग पाच-सहा तास झोप मिळेल अशी पाळी लावावी आणि त्या वेळचे दूध आधी काढून ठेवावे किंवा वरचे द्यावे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी रीत लिथियम घेणारीच्या बाबतीत धोक्याची आहे. गुंगीचे औषध घेणाऱ्या आईच्या कुशीत बाळाला रात्रभर झोपवू नये. त्याचे अंथरूण शेजारी पण वेगळे असावे.

दूध, सहावा आठवडा आणि पुढची गोळी

बहुतेक औषधे घेताना अंगावर पाजता येते. सर्ट्रालिन दुधात फार थोडे उतरते, पॅरॉक्सेटिनही तसेच. क्लोझापिन घेत असल्यास पाजू नये, आणि लिथियम घेतानाही सहसा टाळतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, अतिशय झोपाळू असेल किंवा वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना औषधाची आठवण करून द्यावी. पाजता आले नाही म्हणून आईला टोमणे मिळतात, तेव्हा जोडीदाराने पुढे होऊन ‘हे डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हटले तरी पुरे होते.

आधी कधी आजार नसलेल्या स्त्रियांनाही बाळंतपणानंतर नैराश्य येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के जणींना ते आढळले, आणि गरिबी, नवऱ्याची मारहाण व मुलगी झाली म्हणून आलेली निराशा यांच्याशी त्याचा संबंध दिसला. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीला जाल तेव्हा त्याच फेरीत स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. एडिनबर्ग प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची सोपी चाचणी यासाठी वापरतात. तिच्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याचे उत्तर ‘कधीतरी’ असे असले तरी ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

याच भेटीत पुढच्या गर्भधारणेचा विषय संपवून टाकावा. कार्बामाझेपिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी खाली आणतात. तांबीवर मात्र यांपैकी कोणत्याही औषधाचा परिणाम होत नाही, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत बसवून मिळते. बाळंतपण झाले, आता हरकत नाही, असे म्हणून कोणी व्हॅलप्रोएट पुन्हा सुरू करू पाहत असेल, तर दुसरा पर्याय आहे का ते विचारावे. नसेलच, तर आधी तांबी बसवून घ्यावी आणि मगच पहिली गोळी घ्यावी.